लेकराची धार

२६ जानेवारी १९८६, रविवार

जुन्या वहीची तीन पानं अजून कोरी आहेत, तरी आज नवी वही काढली. आजच्या दिवसाला नवं पान असावं असं वाटलं.

आमच्या माळेवाडीच्या दूध संस्थेला आज सहा वर्षं झाली. सकाळी झेंडावंदन झालं, मग चेअरमन म्हणून ह्यांचं भाषण. नेहमीप्रमाणे लांबलं. सेक्रेटरी पंचाक्षरीने फळ्यावर आकडे लिहून दाखवले. दोन वर्षं धड पाऊस नाही, विहिरींनी तळ गाठलाय, तरी भूम तालुक्यात सगळ्यांत जास्त फॅट आपल्याच दुधाला लागते. टाळ्या झाल्या. मग सगळ्यांनी मागं वळून डेअरीची भिंत पाहिली. पेंटरने कालच तिच्यावरची अक्षरं नव्याने रंगवली आहेत : ‘शेवटची धार संस्थेची’.

ही ओळ माझी. ह्यांनी भाषणात सांगितलं तेव्हा मी पदर सारखा केला, पण आतून बरं वाटलं. १९८० साली बायकांना मीच घरोघरी जाऊन शिकवलं होतं, की म्हशीच्या पहिल्या धारा पातळ असतात, खरी साय शेवटच्या धारेत असते, ती किटलीत पडली तरच फॅट लागते. बायका शेवटचं दूध किटलीत घालायलाच तयार नसत. का, ते मी कधी विचारलं नाही. अडाणीपणा म्हणायचा आणि पुन्हा समजावायचं, असं सहा महिने चाललं होतं.

कार्यक्रमाला आरोग्य केंद्राचे नवे डॉक्टर आले होते. अगदी पोरसवदा आहेत. त्यांनी मला एक रंगीत पट्टी दिली. ती मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची, हिरवी आली तर ठीक, पिवळी आली तर लक्ष ठेवायचं, लाल आली तर मूल उपाशी आहे. गावातली लहान मुलं मोजायची आहेत आणि नर्स एकटी आहे. महिला मंडळाने हातभार लावावा म्हणाले. मी लगेच हो म्हटलं.

सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सिस्टर आग्नेस आम्हांला भिंतीला उभ्या करून उंची घेत. चार वाजता पेलाभर दूध आणि त्याच्या आधी डोळे मिटून चमचाभर माशाचं तेल. सिस्टर म्हणत, वाढणं हे मुलांचं काम, आणि आपलं काम एवढंच की त्यांच्या आड यायचं नाही. त्या पेल्यांचा निळा काठ मला अजून दिसतो.

३० जानेवारी, गुरुवार

मारुतीच्या पारावर मोजणी केली. चव्वेचाळीस मुलं. नर्स उंची घेऊन लिहीत होती, मी दंडाला पट्टी धरत होते.

रांगेतली धुरपदाबाई पहिल्याच मुलाला ओरडली, “थांब रं, हलू नगं! बाईसाहेब आज लेकरांची फ्याट काढायल्यात!” बायका हसून लोटपोट. मीही हसले.

वयाचा मात्र घोळ. आकडा कोणी सांगतच नाही. “ह्यो पूल वाहून गेला तवाचा.” “ही डेरी निघाली तवा पोटात हुती.” “ह्ये डेरीच्या मागनं दोन दिवाळ्यांनी.” नर्स वैतागली. शेवटी आम्ही दोन रकानेच केले, डेअरीच्या आधीची आणि डेअरीनंतरची.

बौद्धवाड्यातल्या बायका पारावर न येता पलीकडे लिंबाखाली उभ्या होत्या. त्यांना तिथं सावलीत बरं वाटतं. मीच पट्टी घेऊन तिकडे गेले.

तिथं सुमनबाई भेटली. काटकुळी, गालफडं बसलेली, काखेत आठ महिन्यांचा मुलगा, हाताला एक मुलगी. मुलीचे केस तांबूस, डोळे मात्र टपोरे. मी खाली बसून विचारलं, “ही तीन वर्षांची ना गं?”

“आवं न्हाय बाईसाहेब, ही डेरीच्याच दिसाची. तकडं झेंडा चढला आन हकडं ही झाली. सुजाता नाव हाय तिचं.”

म्हणजे परवाच हिला सहा पूर्ण झाली. माझा विश्वास बसेना. पट्टी लाल आली.

“यंदा जूनला साळंत घालायची हाय,” सुमनबाई म्हणाली. “पर गुर्जी कान बगत्यात.”

गावात कुणाच्या जन्माची नोंद नसते. म्हणून शाळेत घालताना गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगतात. बोटं कानाला लागली तर मूल सहा वर्षांचं, नाही लागली तर पुढच्या वर्षी या. सुजाताने करून दाखवलं. बोटं कानाच्या वर केसांतच अडकली. तिने मान तिरकी केली, तरी अंतर राहिलंच.

“पुढच्या वर्षी घाल मग,” मी म्हटलं.

“पुढल्या सालाचं खरं न्हाय बाईसाहेब. मालक उसाच्या कोयत्यावर, म्या हमीच्या तळ्याच्या कामावर. ह्या धाकट्याला सांबाळाया एकदा का ही घरी बसली, की बसलीच. थोरलीचं तसंच झालं.”

ती थोरली मागं उभी होती, शेणाची पाटी घेऊन. नऊ-दहा वर्षांची, चांगली उंच.

मी सुजाताच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, “जूनपर्यंत हिचा हात कानाला लावून दाखवते.”

सुमनबाई म्हणाली, “तुमच्या तोंडात साखर पडो.”

३१ जानेवारी, शुक्रवार

माळ्यावरून १९८० ची वही काढली. २६ जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे : ‘पहिल्या दिवशी अकरा जणींनी दूध घातलं. बौद्धवाड्यातून म्हातारी सरुबाई आली. सून सुमन आज सकाळीच बाळंत झाली, मुलगी झाली, म्हणून सासू आली म्हणे. केवढी ही हौस!’

सुजाताला वाड्यावर बोलावलं. उंबऱ्याच्या आत काही ती आली नाही, म्हणून ओसरीच्या खांबाला उभी करून पेन्सिलीने रेघ मारली. तीन फूट एक इंच. आत दाराच्या चौकटीवर आमच्या नातीच्या रेघा आहेत. वैदेही पुण्याला असते. तीही १९८० चीच, फेब्रुवारीतली. दिवाळीत आली होती तेव्हाची रेघ तीन फूट नऊ इंचांवर आहे.

वैदेहीसाठी तूप कढवून ठेवलं आहे. आमच्या दोन म्हशी घरच्यापुरत्याच आहेत, पण साय बरी येते. पुढच्या आठवड्यात कुणी पुण्याला निघालं की डबा देईन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांना मोजणीची पानं नेऊन दाखवली. डेअरीनंतरच्या तेवीस मुलांत सतरा खुरटलेली. डेअरीच्या आधीची बरी आहेत. मी म्हटलं, दुष्काळ आहे. ते म्हणाले, “बाई, बहात्तरचा दुष्काळ याहून वाईट होता. त्यातली मुलं आज गावात चांगली उंच दिसतात.” मग स्वतःच म्हणाले की कारण एक नसतं. आई दिवसभर मातीच्या पाट्या टाकते, मुलाला सकाळी एकदा आणि रात्री एकदा मिळतं, पाणी घाण, हगवण लागते, खाल्लेलं अंगी लागत नाही. सुजातासाठी म्हणाले, डाळ, अंडं, आणि रोज सायीसकट वाटीभर तरी दूध. “आणि उंचीचं लवकर होत नाही बरं. गेलेली वर्षं मुलं सहसा भरून काढत नाहीत.”

ते तरुण आहेत. प्रेमाने केलं की काय होत नाही?

संध्याकाळी ह्यांना ते आकडे सांगितले. पान लावता लावता म्हणाले, “डेरीमुळं गावात सायकली आल्या, चार घरांवर पत्रे आले. आणि तुझा डॉक्टर म्हणतो पोरं आखडली? दुष्काळच आहे, दुसरं काय.”

दुष्काळच असणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बायकांना आहारावर बोलले. डाळी, पालेभाज्या, अंडी, दूध. चित्रांचा तक्ताही लावला होता. धुरपदाबाई तक्त्याकडे बघत म्हणाली, “बाईसाहेब, एवढं समदं खाणारी ही बाई हाय तरी कोण? तिच्या घरी आमाला कामाला लावा की!” पुन्हा हशा. मला जरा रागच आला. यांच्यासाठी जीव तोडायचा आणि यांनी टिंगल करायची.

डॉक्टरांच्या खटपटीने दूध पावडरीची तीन पोती मिळाली. मुंबईकडून आली आहेत. उद्यापासून देवळात मुलांना दूध.

पंचाक्षरी पोतं उतरवताना म्हणाला, “बाईसाहेब, मुंबईला गेलेलं आपलंच दूध फिरून आलं म्हणायचं.” विनोदी आहे पोरगा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पावडरीचं दूध बंद केलं. टँकरच्या पाण्यात कालवलेलं. नऊ मुलांना जुलाब. सुजाता चार दिवस उठली नाही. थोरली तिला पाठीवर घेऊन परसाकडे नेत होती.

नर्सने उरलेली पोती गोदामात ठेवली. मी तोंड चुकवून गल्लीने घरी आले.

२ मार्च, रविवार

आज पहाटे न सांगता सुमनबाईच्या घरी गेले. मनात होतं की घरात म्हैस असून लेकरू वाळतं कसं ते एकदा डोळ्यांनी बघावं. खरं लिहायचं तर, ती दूध कुठंतरी दुसरीकडे घालत असावी असा संशयही होता.

ती धार काढत होती. रेडकू दावणीला, सुजाता खांबाला टेकून उभी. किटली भरत आली तशी सुमनबाईने म्हशीच्या आचळांवरून पुन्हा पुन्हा बोटं ओढली, शेवटचा थेंबही किटलीत पाडला. फडक्याने तोंड बांधून थोरलीच्या डोक्यावर दिली. थोरली डेअरीकडे पळाली. सुजाता किटली दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. रडली नाही, मागितलंही नाही. सवयीने बघावं तसं बघत होती.

सरुबाई पाळण्याची दोरी ओढत बसली होती. तिला आता दिसत नाही. आवाजावरून मला ओळखलं. “बाईसाहेब व्हय? सकाळच्या पारी? च्या ठेव गं, कोराच व्हईल पर.”

मी विचारलं, “सरुबाई, या लेकराला घोटभर दूध का देत नाही?”

म्हातारी हसली. “देत हुतो की. पयल्यापास्नं देत हुतो. त्याला आमच्यात लेकराची धार म्हणत्यात. धार काढताना लेकरू वाटी घिऊन म्हशीपाशी हुबं ऱ्हायचं. समदं दूध निघालं की शेवटचं चार बोटं त्याच्या वाटीत. गोडं, दाट, कडू न्हाय, उकळाया नगं, पाणी नगं. थोरलीनं ते पिलंय. हिच्या बापानं पिलंय. आमी हाटेलात दूध घातलं, खव्याच्या भट्टीवर घातलं, पर ती धार कुणाला दिली न्हाय.”

“मग?”

म्हातारीने पाळण्याची दोरी थांबवली. मग पुन्हा ओढली. “मग तुमी आला न्हवं का, तक्ता घिऊन. शेवटची धार संस्थेची. आमाला वाटलं, बाई शिकलेली हाय, आपल्या भल्याचंच सांगती. आन खरंच फ्याट लागली की.”

भिंतीतल्या देवळीत एक लहानशी पितळी वाटी होती. तिच्यात काड्याची पेटी आणि सुईदोरा.

चहा मी पूर्ण पिऊ शकले नाही. निघताना वाटी उतरवली, पदराने पुसली आणि सुमनबाईच्या हातात दिली. “उद्यापासून शेवटची धार हिला.”

ती घाबरली. “फ्याट पडंल बाईसाहेब. वैरण न्हाय, म्हस आधीच आटत चाललीया. सहाच्या खाली गेली तर पंचाक्षरी दूध परत लावतो.”

“माझं नाव सांग. मी बघते.”

९ मार्च, रविवार

सुजाता ओसरीवर आली, वरच्या ओठावर दुधाची पांढरी रेघ तशीच. मुद्दाम पुसली नव्हती, मला दाखवायला. मी पदर पुढं केला तर मागं सरली. म्हणाली, “आजून थोडा येळ ऱ्हाऊ द्या.”

आज बऱ्याच दिवसांनी सिस्टर आग्नेसना मनातल्या मनात पत्र लिहिलं.

२२ मार्च, शनिवार

जिल्ह्याची फिरती ढाल यंदा आपल्याला मिळण्याचा संभव आहे. दुष्काळात फॅट टिकवणारी संस्था म्हणून. मेमध्ये तपासणीला साहेब येणार. दोन दिवस झाले, हे त्याच आनंदात आहेत. जेवताना म्हणाले, “पंचाक्षरी सांगत होता, बौद्धवाड्यातून एका किटलीची फॅट एकदम पडली. पाणी घातलेलं नाही, लॅक्टोमीटरवर डिग्री बरोबर येते. साय काढून दूध घालायलीय बाई. असल्या एखादीपायी ढाल जायची.”

माझा हात ताटावरच राहिला. आता सांगावं असं वाटलं. मग वाटलं, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झाल्यावर त्यांच्याकडे माणसं आली.

३० मार्च, रविवार

अजून सांगितलं नाही. ढाल होऊन जाऊ दे, मग शांतपणे सांगेन. सुजाता रोज पिते आहे, तेच मुख्य.

५ एप्रिल, शनिवार

आज बायकांची मासिक सभा.

साय काढणाऱ्यांची नावं सभेत वाचायची, हा नियमही माझाच. कॉन्व्हेंटात असं असायचं. आठवड्यात कुणी मराठीत बोललं असेल तर सोमवारी प्रार्थनेनंतर तिचं नाव वाचलं जाई आणि तिने उभं राहायचं. एकदा माझं नाव आलं होतं. आईची आठवण आली म्हणून मी झोपेत मराठीत बोलले होते, आणि शेजारच्या मुलीने चहाडी केली. मी उभी राहिले. पण पुन्हा चुकले नाही, म्हणून पुढं आयुष्यभर मला वाटत राहिलं की ती रीत चांगली.

पंचाक्षरीने यादी हातात दिली. तीन नावं. दुसरं सुमनबाईचं.

हे शेजारी बसले होते. तपासणीच्या तयारीसाठी मुद्दाम आले होते. साठ-सत्तर बायका. मी पहिलं नाव वाचलं. मग चष्मा पुसला. मग दुसरं नाव वाचलं.

ती उठून उभी राहिली, पार मागं, दाराशी.

पंचाक्षरी म्हणाला, “साय काढून काय केलंस गं? तूप कढवलंस?”

“बौद्धवाड्यात औंदा तुपाची दिवाळी!” कुणीतरी मागून म्हणालं. हशा झाला. धुरपदाबाई मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिला माहीत असावं. त्या दोघी तळ्याच्या कामावर एकाच पाळीत असतात.

सुमनबाईनेही माझ्याकडे पाहिलं. मी यादीकडे पाहिलं. तिने माझं नाव घेतलं असतं तर मी हो म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं. मी तिच्या तोंडून ते येण्याची वाट पाहत होते.

ती म्हणाली, “चुकलं.”

मी तिसरं नाव वाचलं.

रात्री हे म्हणाले, “नावं वाचताना तुझा आवाज बसल्यासारखा वाटला. हळद घालून दूध घे.”

घेतलं.

६ एप्रिल, रविवार

कुठं गेले नाही.

१२ एप्रिल, शनिवार

तपासणी होईपर्यंत सुमनबाईचं दूध बंद. ह्यांनीच ठरवलं. “फक्त जूनपर्यंत,” म्हणाले. “जरब बसली पाहिजे.” मी म्हटलं, लहान मुलं आहेत तिला. ते म्हणाले, “म्हणून तर. आता घरचं दूध घरात राहील, पोरं पितील. तुझा डॉक्टर खूश!”

ते म्हणतात त्यात तथ्य आहे असं वाटून जरा हलकं झालं, आणि म्हणूनच तिच्याकडे जायचं धैर्य आलं.

घरात दूध नव्हतं. डेअरीने तिचं दूध बंद केल्यापासून ती सगळं दूध रस्त्यावरच्या खव्याच्या भट्टीवर घालते. तिथं भाव निम्मा, म्हणून आता रेडकालाही कमी सोडते. ज्वारी त्यातूनच येते. वाटी पुन्हा देवळीत गेली होती, सुईदोऱ्यासकट.

मी म्हटलं, “सुमन, तू माझं नाव का नाही घेतलंस?”

ती धाकट्याला अंगावर पाजत होती. वर न बघता म्हणाली, “घेतलं असतं तर कुणी खरं मानलं असतं? आन मानलं असतं, तर तुमची आब गेली असती. माझी हुती कुठं जायाला?”

“मी सांगणार होते.”

“व्हय,” ती म्हणाली. कडवट नाही, काही नाही. बाजारात भाव ऐकून म्हणतात तसं ‘व्हय’.

सरुबाई मात्र खाटेवरून बोलली. “बाईसाहेब, भंतेजींनी हिचं नाव ठिवलं तवा सांगितलं हुतं, की सुजातानं उपाशी देवमाणसाला खीर दिली, त्यानं त्यो जगला. म्या तवाच म्हणलं, नाव लई मोठं हाय, दूध पुरंल का?” आणि स्वतःशीच हसली. दात नाहीत, तरी मोठ्याने हसली.

२४ मे, शनिवार

ढाल मिळाली. पितळी, मधे म्हशीचं चित्र. डेअरीत खिळा ठोकून लावली. साहेबांनी भिंतीवरच्या ओळीचं कौतुक केलं, कुणाची म्हणून विचारलं. ह्यांनी माझ्याकडे हात केला. मला नारळ आणि शाल दिली.

लोकरीची शाल, मे महिन्यात.

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. पाऊस अजून नाही.

मी १९८० ची वही घेऊन आठ वाजताच शाळेत गेले. बब्रुवान गुरुजी पाटावर बसून नावं घालत होते, आयांची रांग लागली होती. सुमनबाई कामावर खाडा करून आली होती. सुजाताला तेल लावून चापूनचोपून वेणी घातली होती. अंगात थोरलीचा झगा, पावलांपर्यंत.

“हात घे,” गुरुजी म्हणाले.

तिने उजवा हात डोक्यावरून घेतला. बोटं केसांत अडकली, जानेवारीत अडकली होती तिथंच. तिने हळूच मान तिरकी केली.

“मान सरळ.”

तिने मान सरळ केली. मग डाव्या हाताने स्वतःचा कान धरला आणि वर ओढू लागली. बोटांना भेटवायला. कान लाल झाला. रांगेतल्या बायका हसल्या. गुरुजींनाही हसू आलं. ती माझ्याकडे वळून विचारत होती, “बाई, कान वर आणलेला चालत न्हाय व्हय?”

मी वही पुढं केली. “गुरुजी, ही सहा वर्षं पाच महिन्यांची आहे. ही बघा तारीख. माझ्या हातची नोंद आहे.”

त्यांनी चष्मा लावून पान वाचलं. दोनदा वाचलं. वही अदबीने परत दिली. “बाईसाहेब, अक्षर तुमचं, शब्द तुमचा. पण पोर बघा की. वरून साहेब आला आणि म्हणाला, ही सहाची? तर मी काय तुमची वही दाखवू? चार वर्षांच्या वर एक दिवस नाही वाटत. माया लावलीत तुम्ही तिला, मला कळतं. माया लागली की माणूस दोन वर्षं इकडची तिकडं करतं.”

“मी खोटं बोलत नाही.”

“मी खोटं कुठं म्हटलं?” ते म्हणाले, आणि रांगेकडे पाहून हसले.

मला काय झालं कळलं नाही. सगळ्यांसमोर मी मोठ्याने म्हणाले, “सुमनबाईने साय काढली नव्हती. मार्चमध्ये तिची जी फॅट पडली ती मी सांगितलं म्हणून. शेवटची धार हिला दे, असं मीच सांगितलं होतं.”

गुरुजी गोंधळले. “कसली साय, बाईसाहेब?”

सुमनबाईने माझ्या कोपराला हात लावला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. “ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “आज साळंचा दिस हाय.”

“पुढच्या जूनला आणा,” गुरुजी म्हणाले. “पुढचं मूल.”

बाहेर लिंबाखाली थोरली धाकट्याला घेऊन थांबली होती. सुमनबाईने तो तिच्याकडून काढून सुजाताच्या काखेत दिला आणि थोरलीला घेऊन तळ्याच्या कामावर निघून गेली. पोर वर्षा-सव्वा वर्षाचं झालं आहे, त्याचे पाय सुजाताच्या गुडघ्यांपर्यंत येतात. कंबर वाकडी करून, त्याला सावरत, ती गेली.

१७ जून, मंगळवार

ओसरीच्या खांबाला दोन रेघा आहेत, जानेवारीची आणि काल संध्याकाळची. काल तिला बोलावून उभी केली होती, धाकट्यासकट आली होती. चष्मा लावला तर दोन दिसतात.

दुपारी पंचाक्षरी यादी घेऊन आला. शनिवारी बायकांची सभा आहे. मी म्हटलं, “पंचाक्षरी, सगळ्यांत वर माझं नाव घाल. साय काढणाऱ्यांत.”

त्याला थट्टाच वाटली. खळखळून हसला. “तुमचं नाव कसं येणार, बाईसाहेब? तुमच्या घरचं दूध डेरीला येतंच कुठं?”

आणि यादी ओसरीवर ठेवून, पाणी पिऊन, तो गेला. सहज बोलला. त्याच्या मनात काही नव्हतं.